गाडी नकाशावर दिसत नाही, तेव्हा बिघाड नेमका कुठे शोधायचा?

गाडीची जागा सर्व्हरला कळवणारा जीपीएस ट्रॅकर 'ऑफलाइन' दिसला की पहिला फोन वायरमनला जातो. तो गाडीपाशी पोचतो, डॅशबोर्ड उघडतो, वायरी हलवून पाहतो, शेवटी ट्रॅकरच बदलतो. तरीही गाडी नकाशावर येत नाही, कारण बिघाड गाडीत नव्हताच. सिमची मुदत संपलेली असते, नाहीतर सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये (नको ती वाहतूक अडवणाऱ्या पहाऱ्यात) पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं ठरलेल्या क्रमांकाचं दार, बंद असतो. उलटंही घडतं. सर्व्हर सांभाळणारा रात्रभर सेटिंग चाळत बसतो आणि इकडे ट्रकच्या बॅटरीचा कटऑफ स्विच ड्रायव्हरने बंद करून ठेवलेला असतो.

हा वेळ वाचवायचा तर एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा: ट्रॅकरने पाठवलेले बाइट सर्व्हरच्या दारापर्यंत पोचताहेत का? उत्तर 'नाही' असेल तर नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधून उपयोग नाही. उत्तर 'हो' असेल तर सिम, रिचार्ज, एपीएन (सिमचं इंटरनेट सेटिंग), सर्व्हरचा पत्ता या सगळ्या गोष्टी एका फटक्यात निर्दोष ठरतात. निम्मा रस्ता तिथेच कापला जातो.

उदाहरणासाठी इथे जीटी०६ जातीचा ट्रॅकर आणि ट्रॅकार (Traccar) हा मुक्तस्रोत सर्व्हर-प्रोग्राम घेतला आहे. जीटी०६ हा कॉनकॉक्स या चिनी कंपनीचा प्रोटोकॉल, म्हणजे ट्रॅकर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याची ठरलेली भाषा, आणि तोच वापरणारे इतर नावांचे स्वस्त ट्रॅकरही बाजारात भरपूर मिळतात. तुमचा ट्रॅकर आणि सर्व्हर वेगळे असतील तर आकडे बदलतील, शोधण्याची रीत बदलणार नाही.

एका डबीत दोन वेगळी यंत्रं

ट्रॅकरच्या डबीत दोन कामं चालतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध फार थोडा असतो. जीपीएसचा भाग फक्त ऐकतो. उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून तो स्वतःची जागा काढतो, पण कुणालाही काही पाठवत नाही. पाठवण्याचं काम मोडेमचं. तो सिम वापरून मोबाइल नेटवर्कवर जातो, इंटरनेट डेटा सुरू करतो आणि ठरलेल्या आयपी पत्त्यावरच्या ठरलेल्या पोर्टला जोडणी करतो.

म्हणून 'जीपीएस येत नाही' या तक्रारीचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये असेल, किंवा ट्रॅकर पत्र्याच्या आड बसवला असेल, तर जागा सापडणार नाही. पण मोबाइलची रेंज असेल तर ट्रॅकर सर्व्हरशी बोलत राहील आणि स्क्रीनवर गाडी जुन्या ठिकाणी, पण 'ऑनलाइन' दिसेल. गाडी 'ऑफलाइन' असेल तर मात्र उपग्रहांना दोष देऊ नका. तिथे मोडेम, सिम, वीज किंवा सर्व्हर यांपैकी कुठेतरी घोळ आहे. बराच काळ बंद असलेल्या ट्रॅकरला उघड्या आकाशाखाली पहिली जागा पकडायला साधारण अर्धा ते एक मिनिट पुरतं. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि ती अखंड ऐकू यावी लागते. पत्र्याच्या शेडमध्ये पाच मिनिटं वाट पाहून 'डिव्हाइस खराब' असा शिक्का मारणं म्हणून चूक आहे.

पहिला मुक्काम: सर्व्हरचा लॉग

ट्रॅकार लिनक्सवर बसवला असेल तर त्याचा लॉग (घडामोडींची नोंदवही) 'ऑप्ट' फोल्डरमधल्या 'ट्रॅकार' फोल्डरच्या आत, 'लॉग्ज' मध्ये असतो. ट्रॅकरकडून काही आलं की तिथे एक ओळ उमटते: वेळ, प्रोटोकॉलचं नाव, पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता आणि मग आलेले बाइट हेक्स आकड्यांत (० ते ९ आणि ए ते एफ वापरणाऱ्या अंकपद्धतीत). एका दिशेचा बाण म्हणजे आलेली माहिती, उलटा बाण म्हणजे सर्व्हरने दिलेलं उत्तर. माहिती नीट उलगडली असेल तर पुढच्या ओळीत ट्रॅकरचा क्रमांक, वेळ, अक्षांश-रेखांश दिसतात.

इथे नवख्या माणसाची एक फसगत होते. इंटरनेटवर कुठलाही पोर्ट उघडा ठेवला की जगभरातून यंत्रं तो चाचपून पाहतात. लॉगमध्ये ४७ ४५ ५४ ने सुरू होणारे बाइट दिसले तर आपला ट्रॅकर आला असं समजू नका. ती 'गेट' ही वेब ब्राउझरची हाक आहे. कुणीतरी तुमच्या पोर्टवर वेबसाइट शोधतो आहे. जीटी०६ ट्रॅकरचं पॅकेट ७८ ७८ ने सुरू होतं (काही लांब पॅकेट ७९ ७९ ने) आणि ०डी ०ए ने संपतं. एवढं लक्षात ठेवलं तरी लॉग वाचता येतो.

लॉगमध्ये काहीच नसेल तर आणखी एक पायरी खाली उतरा. टीसीपीडम्प हे साधन सर्व्हरच्या नेटवर्क कार्डापाशीच बसून येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट दाखवतं. ते हव्या त्या पोर्टसाठी सुरू ठेवा आणि ट्रॅकर बंद-चालू करायला सांगा. तीन शक्यता असतात. काहीच आलं नाही, तर माहिती सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही. जोडणीची विनंती आली आणि सर्व्हरने ताबडतोब नकार दिला, तर त्या पोर्टवर कुठलाही प्रोग्राम ऐकत नाही. ट्रॅकार बंद पडला असेल किंवा तो प्रोटोकॉल सुरूच नसेल. विनंती पुन्हा पुन्हा येते पण उत्तरच जात नाही, तर सर्व्हरच्या आतली फायरवॉल ती गिळते आहे, कारण टीसीपीडम्पला पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसतं.

काहीच पोचत नसेल तर

आधी सर्व्हरची बाजू तपासा, कारण ती खुर्चीत बसून तपासता येते. आणि ताळा घ्यायला सोपा आहे: दुसऱ्या गाड्या त्याच पोर्टवर दिसताहेत का? दिसत असतील तर सर्व्हर ठीक आहे, सरळ सिमकडे वळा.

एकही गाडी दिसत नसेल, किंवा सर्व्हर नवा असेल, तर बाहेरून पोर्ट उघडतो का ते पाहा. त्यासाठी ऑफिसचं वायफाय सोडून मोबाइल डेटावरून, टेलनेट किंवा नेटकॅट या जोडणी करून पाहणाऱ्या साधनाने सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट तपासायचा. त्याच इमारतीतून केलेली तपासणी फसवते, कारण आतल्या आत जोडणी होते आणि बाहेरचं दार बंदच राहतं. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरला बहुधा दोन फायरवॉल असतात: एक लिनक्समधली, दुसरी क्लाउड कंपनीच्या पॅनेलवरची. एक उघडून दुसरी विसरणं ही अगदी नेहमीची चूक. यूडीपी पोर्ट मात्र या रीतीने तपासता येत नाही, कारण टीसीपीत आधी जोडणी होते, यूडीपीत जोडणी अशी होतच नाही; तिथे टीसीपीडम्पच उपयोगी.

सर्व्हर ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर असेल तर त्याचा पत्ता नीट पाहा. १९२.१६८ ने, १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशाने सुरू होणारा पत्ता खासगी असतो. तो ट्रॅकरमध्ये भरला तर मोबाइल नेटवर्कवरून कधीच सापडणार नाही. बाहेरचा पत्ता भरून राउटरवर पोर्ट पुढे पाठवावा लागतो. त्यातही राउटरला स्वतःला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुमची ब्रॉडबँड कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आहे. मग राउटरवर काहीही केलंत तरी बाहेरची जोडणी आत येणार नाही. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्या, नाहीतर सर्व्हर क्लाउडवर हलवा. गाड्या पाच-दहा असल्या तरी दुसरा मार्ग बरा: ऑफिसची वीज गेली तरी सर्व्हर चालू राहतो.

पोर्टच्या बाबतीत आणखी दोन चुका वारंवार होतात. ट्रॅकारची वेबसाइट ८०८२ या पोर्टवर उघडते, म्हणून लोक ट्रॅकरमध्येही ८०८२ भरतात. ते दार माणसांसाठी आहे. ट्रॅकरसाठी प्रत्येक प्रोटोकॉलचा पोर्ट वेगळा: जीटी०६ साठी ५०२३, एच०२ साठी ५०१३, टेल्टोनिकासाठी ५०२७, जीपीएस१०३ साठी ५००१, टीके१०३ साठी ५००२. मोबाइलमधलं ट्रॅकारचं ॲप ५०५५ वापरतं. दुसरी चूक डोमेनची. वेबसाइट क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ सेवेच्या आडोशाला ठेवली असेल तर त्या नावाचा पत्ता क्लाउडफ्लेअरचा निघतो, आणि तिथून नेहमीची वेब वाहतूकच पुढे जाते. ५०२३ वरचं बोलणं तिथेच अडतं. ट्रॅकरसाठी वेगळं उपनाव करा आणि त्यावरचा आडोसा बंद ठेवा. आणि ट्रॅकरमध्ये पत्ता भरताना सुरुवातीचं 'एचटीटीपी' आणि तिरप्या रेघा कधीही लिहू नका.

सिम आणि एपीएन

सर्व्हर ठीक आहे आणि एकाच गाडीचा आवाज येत नाही, तर संशयाचा पहिला मान सिमचा. रिचार्ज संपला आहे का, हे सगळ्यांना सुचतं. पण रिचार्ज आहे आणि त्यात डेटाच नाही, सिमला पिन लावलेला आहे, सिम ट्रेमध्ये तिरकं बसलं आहे, या गोष्टीही तितक्याच नेमाने सापडतात. डेटा मात्र लागतो फार थोडा. जीटी०६ चं साधं स्थान-पॅकेट ३६ बाइटचं. टीसीपीचं वेष्टन आणि पोचपावती धरून शंभर-सव्वाशे बाइट. दर १० सेकंदांनी अखंड पाठवलं तरी दिवसाला एक एमबीच्या आसपास. म्हणजे 'डेटा पॅक लवकर संपतो' ही तक्रार आली तर गाडीतलं सिम कुणीतरी मोबाइलमध्ये घातलं आहे, किंवा ट्रॅकर दर काही सेकंदांनी तुटून पुन्हा जोडतो आहे.

जिओच्या नेटवर्कवर टूजी नाही, थ्रीजीही नाही. टूजी मोडेमचा ट्रॅकर जिओच्या सिमवर कधीच चालणार नाही, कितीही सेटिंग बदला. त्याला टूजी असलेल्या कंपनीचं सिम लागतं. फोरजी ट्रॅकर परदेशातून मागवला असेल तर त्याच्या माहितीपत्रकात बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) ३, ५ आणि ४० आहेत का ते पाहा. यातले बँड नसतील तर शहरात दिसणारी गाडी गावाकडे वळताच गप्प होते.

एपीएन म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून इंटरनेटकडे जाण्याच्या फाटकाचं नाव. मोबाइल फोन सिम ओळखून ते स्वतः भरतो, बरेच ट्रॅकर भरत नाहीत. म्हणूनच 'हे सिम माझ्या फोनमध्ये नेट चालवतं' या पुराव्याने सिम चालू असल्याचं कळतं, पण ट्रॅकरमधलं एपीएन बरोबर असल्याचं नाही. फोनच्या सेटिंगमध्ये त्या सिमसाठी दिसणारं एपीएन जसंच्या तसं ट्रॅकरमध्ये उतरवा. जिओचं 'जिओनेट', बीएसएनएलचं 'बीएसएनएलनेट', एअरटेलचं नेहमीचं 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', सगळं लहान इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. एका जास्तीच्या स्पेसमुळे तासन् तास गेलेले आहेत.

यंत्रांसाठीचं सिम असेल तर गोष्ट वेगळी. अशा सिमचा क्रमांक १३ अंकी असतो. दूरसंचार विभागाच्या २०१८ च्या नियमांनुसार या सिमवरून ठरवून दिलेल्या क्रमांकांशीच बोलणं-एसएमएस होतं आणि डेटाही ठरलेल्या एपीएनवरून ठरलेल्या पत्त्यांकडेच जातो. त्याचे दोन परिणाम थेट आपल्या कामावर होतात. तुमच्या खासगी मोबाइलवरून पाठवलेला एसएमएस ट्रॅकरला पोचतच नाही, आणि लोक समजतात ट्रॅकर मेला. दुसरं, सर्व्हरचा पत्ता बदलला की सगळं बरोबर भरूनही जोडणी होत नाही, कारण नवा पत्ता सिम कंपनीच्या यादीत नाही. आधी सिम पुरवणाऱ्याला नवा पत्ता लेखी कळवा, मगच ट्रॅकरला हात लावा.

ट्रॅकरला एसएमएसने विचारा

ट्रॅकर काय म्हणतो हे त्यालाच विचारता येतं, गाडी शोधत जायची गरज नाही. खाली आज्ञांचे उच्चार दिले आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. कॉनकॉक्स जातीच्या ट्रॅकरला 'स्टेटस' आणि लगेच हॅशचं चिन्ह पाठवलं की बॅटरी, मोबाइल सिग्नल, डेटाची जोडणी आणि जीपीएसची स्थिती उत्तरात येते. 'पॅराम' आणि हॅश पाठवलं की भरलेली सेटिंग येतात: आयएमईआय (ट्रॅकरचा पंधरा अंकी ओळखक्रमांक), वेळेचं अंतर, टाइमझोन. 'जीपीआरएससेट' आणि हॅश पाठवलं की एपीएन आणि सर्व्हरचा पत्ता दिसतो. उत्तर पाठवायला ट्रॅकरच्या सिमवर एसएमएसची सोय हवी, हे रिचार्ज निवडतानाच पाहावं.

सेटिंग भरण्याचा क्रम असा ठेवा: आधी एपीएन, मग सर्व्हर, मग टाइमझोन, शेवटी 'रीसेट'. सर्व्हरच्या आज्ञेत 'सर्व्हर' शब्दानंतर स्वल्पविराम देऊन एक आकडा येतो. आयपी पत्ता देणार असाल तर ०, डोमेनचं नाव देणार असाल तर १. मग पत्ता, मग पोर्ट, मग पुन्हा एक आकडा: टीसीपीसाठी ०, यूडीपीसाठी १. हा पहिला आकडा चुकला की ट्रॅकर डोमेनच्या नावाला आयपी पत्ता समजून अडून बसतो, आणि 'ओके' असं उत्तर मात्र देतो. 'ओके' चा अर्थ आज्ञा मिळाली इतकाच. भरल्यावर 'जीपीआरएससेट' ने परत वाचून घ्याच.

टेल्टोनिकाच्या ट्रॅकरला एसएमएस करताना एक वेगळीच खोच आहे. लॉगिन-पासवर्ड ठेवलेले नसतील तर आज्ञेच्या आधी दोन स्पेस सोडाव्या लागतात; त्या विसरल्या तर उत्तरच येत नाही. एफएमबी मालिकेत एपीएनचा पॅरामीटर क्रमांक २००१, सर्व्हरच्या पत्त्याचा २००४, पोर्टचा २००५ आणि टीसीपी-यूडीपी निवडीचा २००६.

मग गाडीतली वीज

एसएमएसलाही उत्तर नाही, फोन लावला तर 'संपर्क क्षेत्राबाहेर', तेव्हा मात्र वायरमन पाठवायचा. त्याला जाण्याआधी तीन गोष्टी सांगा. लाल वायर थेट बॅटरीच्या पुरवठ्यावर आहे का? ती चावीनंतरच्या लाइनवर जोडली असेल तर गाडी बंद झाली की ट्रॅकरला वीज नाही, आणि आतली छोटी बॅटरी काही तासांत संपते. काळी वायर चासीच्या रंग खरवडलेल्या, घट्ट बोल्टवर आहे का? फ्यूज शाबूत आहे का? ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, म्हणून ट्रॅकरवर छापलेली व्होल्टची मर्यादा आधी वाचावी.

वीज 'आहे' आणि वीज 'पुरते' यांत फरक आहे. टूजी मोडेम पाठवताना क्षणभर दोन अँपियरपर्यंत विद्युतप्रवाह ओढतो. असा झटका एका वेळी अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडाच जास्त टिकतो, त्यामुळे साध्या मल्टिमीटरवर तो दिसत नाही. तो झटका ट्रॅकरची आतली बॅटरी सांभाळते. दोन-तीन वर्षं डॅशबोर्डच्या उन्हात राहून ती बॅटरी निकामी झाली, फुगली, की ट्रॅकर चालू होतो, दिवे लुकलुकतात, आणि पाठवायला गेला की कोसळून पुन्हा सुरू होतो. मल्टिमीटर १२.६ व्होल्ट दाखवतो आणि सगळे सिमला दोष देतात.

बाइट येतात, तरी गाडी दिसत नाही

हा सगळ्यात समाधानाचा भाग, कारण उत्तर समोरच लिहिलेलं असतं. पॅकेट येतात पण उलगडलेली ओळ येत नाही, तर बहुतेक पोर्ट चुकला आहे. जीटी०६ ट्रॅकर ५०१३ वर बोलायला लागला तर ट्रॅकार त्याला एच०२ समजून वाचू पाहतो आणि काहीच हाती लागत नाही. डबीवर छापलेल्या नावावर विसंबू नका; पॅकेटची सुरुवात पाहा. ७८ ७८ असेल तर जीटी०६. २ए हे तारांकनाचं चिन्ह, आणि पुढे ४८ ५१ असेल तर एच०२ असण्याची दाट शक्यता. टेल्टोनिका आधी ०० ०एफ पाठवतो, म्हणजे पंधरा, आणि मग आयएमईआयचे पंधरा अंक.

पॅकेट उलगडलं आणि 'अननोन डिव्हाइस' अशी ओळ आली, तर ट्रॅकर बरोबर दारात आहे, त्याचं नाव यादीत नाही इतकंच. सर्व्हरवर नोंदवलेला क्रमांक आणि ट्रॅकर पाठवतो तो क्रमांक तंतोतंत जुळावा लागतो. काही ट्रॅकर आयएमईआय पूर्ण पाठवत नाहीत, त्यातले काहीच अंक पाठवतात. एच०२ जातीत दहा अंकी क्रमांक सर्रास दिसतो. म्हणून डब्यावरचं स्टिकर वाचून क्रमांक टाइप करण्यापेक्षा, ट्रॅकरला आधी सर्व्हरकडे वळवा आणि लॉगमधल्या त्या ओळीतला क्रमांक उचलून नोंद करा. चूक व्हायला जागाच राहत नाही.

आता लॉगिनचं पॅकेट एकदा हाताने वाचून पाहू. कॉनकॉक्सच्या दस्तऐवजातला नमुना असा: ७८ ७८ ०डी ०१ ०१ २३ ४५ ६७ ८९ ०१ २३ ४५ ०० ०१ ८सी डीडी ०डी ०ए. पहिले दोन बाइट सुरुवातीची खूण. ०डी म्हणजे तेरा, ही लांबी. पुढचं ०१ म्हणजे 'हे लॉगिन आहे'. त्यानंतरच्या आठ बाइटांत आयएमईआय, पुढे एक शून्य लावून. मग ०० ०१ हा अनुक्रमांक, दोन बाइट तपासणीचे आणि शेवटची खूण. सर्व्हर याला ७८ ७८ ०५ ०१ ०० ०१ डी९ डीसी ०डी ०ए असं उत्तर देतो. हे उत्तर मिळाल्याशिवाय ट्रॅकर जागा सांगायला सुरुवातच करत नाही.

त्यामुळे लॉगमध्ये दर मिनिटाला नुसतं लॉगिन, लॉगिन, लॉगिन दिसत असेल तर तो फार बोलका पुरावा आहे. दोन कारणं संभवतात: सर्व्हरचं उत्तर ट्रॅकरपर्यंत पोचत नाही, किंवा ट्रॅकर दर वेळी मरून पुन्हा जिवंत होतो आहे. कोणतं ते अनुक्रमांक सांगतो. मूळ प्रोटोकॉलप्रमाणे ट्रॅकर चालू झाल्यावर पहिल्या पॅकेटचा अनुक्रमांक १ असतो आणि पुढे प्रत्येक पॅकेटला तो एकने वाढतो. प्रत्येक लॉगिनमध्ये ०० ०१ च असेल तर ट्रॅकर पुन्हा पुन्हा सुरू होतो आहे. वर सांगितलेली फुगलेली बॅटरी किंवा ढिली अर्थिंग शोधा. आकडा वाढत असेल तर वीज ठीक आहे, अडचण उत्तराच्या वाटेत आहे. काही नकली ट्रॅकर हा नियम पाळत नाहीत, तेव्हा त्याच बनावटीच्या चालू गाडीचा लॉग शेजारी ठेवून ताळा घ्यावा.

टेल्टोनिकाची रीत थोडी निराळी. तिथे सर्व्हर आयएमईआयला ०१ असं उत्तर देतो आणि पुढे प्रत्येक गठ्ठ्याला 'इतक्या नोंदी मिळाल्या' असा आकडा परत पाठवतो. आकडा पोचला नाही किंवा जुळला नाही तर ट्रॅकर त्याच नोंदी पुन्हा पाठवतो. एकाच जागेच्या, एकाच वेळेच्या नोंदींची रांग दिसली तर इथे पाहावं.

घड्याळाचा घोळ

माहिती येते, उलगडते, क्रमांक जुळतो, आणि तरी नकाशावर गाडी हलत नाही. अशा वेळी नोंदीतली वेळ पाहा. सर्व्हर बहुतेक प्रोटोकॉलमध्ये ट्रॅकरची वेळ जागतिक प्रमाणवेळ धरतो. ट्रॅकर बसवणाऱ्याने चांगल्या हेतूने त्यात पूर्व ५:३० भरलेलं असेल तर नोंदी साडेपाच तास भविष्यातल्या होतात. चूक लक्षात आली, ट्रॅकरचा टाइमझोन शून्य केला, की नवी अडचण उभी राहते. सर्व्हरकडे आधीच दुपारी साडेतीनची नोंद आहे, आता आलेली नोंद सकाळी दहाची आहे, म्हणून तो तिला 'जुनी' समजून ताजी जागा म्हणून दाखवतच नाही. पुढचे साडेपाच तास गाडी गोठलेली दिसते आणि दुरुस्ती फसली असं वाटतं. फसलेली नसते. थांबा, किंवा त्या भविष्यातल्या नोंदी काढून टाका. ट्रॅकारमध्ये भविष्यातल्या नोंदी गाळण्याची सोय आहे. ती पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावी.

वेळ तासांनी नाही तर जवळपास वीस वर्षांनी मागे गेलेली दिसली तर कारण वेगळं. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १० बिटांत होते, म्हणजे १०२४ आठवड्यांनी आकडा पुन्हा शून्यावर येतो. शेवटचा फेरा ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री पूर्ण झाला. जुन्या फर्मवेअरला (ट्रॅकरच्या आतल्या प्रोग्रामला) हा फेरा ओळखता येत नाही आणि तारीख १९.६ वर्षं मागची लागते. याला इलाज नव्या फर्मवेअरचा. ते मिळत नसेल तर सर्व्हरला ट्रॅकरच्या वेळेऐवजी स्वतःची वेळ वापरायला सांगता येतं, पण मग रेंज नसताना साठवलेल्या नोंदींच्या वेळा चुकतात.

मध्येच गायब, मध्येच हजर

आंबोली किंवा वरंधा घाटात गाडी गायब झाली आणि खाली उतरल्यावर सगळा रस्ता एकदम उमटला, तर तो बिघाड नाही. ट्रॅकरने रेंज नसताना नोंदी साठवल्या आणि मग पाठवल्या. रस्ता उमटतच नसेल तर त्या ट्रॅकरला साठवण्याची सोय नाही, किंवा ती बंद आहे.

दुसरा प्रकार शांत पडलेल्या जोडण्यांचा. मोबाइल कंपन्या एका पत्त्याआड हजारो सिम ठेवतात आणि काही मिनिटं शांत असलेली जोडणी गुपचूप विसरून जातात. ट्रॅकरला वाटतं आपण जोडलेले आहोत, सर्व्हरलाही तसंच वाटतं, आणि मधला धागा तुटलेला असतो. इंजिन बंद करण्यासारखी आज्ञा पाठवली तर ती हवेत विरते. म्हणून हार्टबीट, म्हणजे ट्रॅकरने ठरावीक वेळाने पाठवायची 'मी आहे' अशी छोटी खूण, तीन ते पाच मिनिटांवर ठेवा. ट्रॅकारमध्ये १० मिनिटं काहीच आलं नाही तर गाडीची स्थिती 'अज्ञात' होते. उभ्या गाडीला तासाभराने एकदाच बोलायला सांगितलं असेल तर ती दिवसभर 'अज्ञात' दिसणारच.

गाडी एका क्षणी नाशिकला आणि दुसऱ्या क्षणी लातूरला उडी मारत असेल तर दोन ट्रॅकर एकच क्रमांक पाठवताहेत. स्वस्त नकली मालात असे जुळे क्रमांक निघतात. लॉगमध्ये एकाच क्रमांकापुढे दोन वेगळे आयपी पत्ते आलटून पालटून दिसले की खात्री पटते.

गाड्या शे-दोनशेवरून हजारावर गेल्या आणि नव्या गाड्या जोडल्याच जाईनात, जुन्या मात्र ठीक, तर लिनक्सची एकाच वेळी उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा पाहा. प्रत्येक ट्रॅकरची जोडणी ही लिनक्सच्या हिशोबात एक उघडी फाइल, आणि ही मर्यादा पुष्कळदा १०२४ असते. लॉगमध्ये 'टू मेनी ओपन फाइल्स' अशी ओळ सापडेल. मर्यादा ट्रॅकारच्या सर्व्हिसमध्येच वाढवावी लागते. डिस्क भरली तरी लक्षणं अशीच विचित्र असतात: जोडण्या होतात, नोंदी लिहिल्या जात नाहीत.

एआयएस १४० ची डबी असेल तर

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी सेवा वाहनांत एआयएस १४० या गाड्यांच्या ट्रॅकरसाठीच्या भारतीय मानकाचा ट्रॅकर आणि आपत्कालीन बटण बंधनकारक झालं. हा ट्रॅकर एकाच वेळी एकाहून जास्त सर्व्हरकडे माहिती पाठवतो, त्यातला एक पत्ता सरकारी यंत्रणेचा. त्यामुळे आपल्या सर्व्हरवर गाडी दिसते पण परिवहन विभागाकडे दिसत नाही, किंवा उलट, असं होऊ शकतं. दोन्ही वाटा वेगळ्या धरून तपासाव्या. यातली सेटिंग स्वतः बदलू नका. सरकारी पत्ता चुकून पुसला गेला तर योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी गाडी अडकेल. आपल्या सर्व्हरचा पत्ता त्यात घालण्याचं काम उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच करून घ्या.

सर्व्हर हलवायचा असेल तर

चालू असलेल्या शंभर गाड्या एका दिवसात गायब करण्याचा हमखास मार्ग म्हणजे नवा सर्व्हर उभा करून जुना त्याच रात्री बंद करणं. ट्रॅकरमध्ये आयपी पत्ता भरलेला असेल तर प्रत्येकाला एसएमएस जायला हवा, आणि त्या दिवशी काही गाड्या रेंजबाहेर, काही गॅरेजमध्ये, काहींच्या सिमवर एसएमएस बंद. डोमेनचं नाव भरलेलं असेल तर फक्त नावाचा पत्ता बदलायचा असतो. तरीही काही ट्रॅकर जुना पत्ता लक्षात ठेवतात आणि पुन्हा चालू होईपर्यंत तिकडेच जात राहतात.

जुना सर्व्हर महिनाभर तरी चालू ठेवा, पण त्यावरचा ट्रॅकार थांबवून त्याच पोर्टवर आलेली जोडणी जशीच्या तशी नव्या सर्व्हरच्या त्याच पोर्टकडे वळवा. एचएप्रॉक्सी या जोडण्या पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रामने हे काही ओळींत होतं. ट्रॅकरला फरक कळत नाही, नकाशावर गाड्या चालू राहतात. नव्या सर्व्हरच्या लॉगमध्ये अशा गाड्यांपुढे जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता दिसेल, म्हणजे कोणत्या गाड्या अजून वळायच्या राहिल्यात याची यादी आयतीच मिळते. ती यादी रिकामी झाली की जुना सर्व्हर बंद करा.